प्लॉटमध्ये फसलात तर कोणत्या दारात जायचे आणि खर्च किती

केडगावात पुणे रस्त्यालगतच्या शेतांचे प्लॉट होताना एका पिढीने पाहिले आहे. २००३ मध्ये नगरची महापालिका झाली. भूषणनगर, शाहूनगर, अंबिकानगर भरत गेले आणि गुंठ्याचा भाव हा चहाच्या टपरीवरचा रोजचा विषय झाला. इथे प्लॉट घेणारा बहुतेक वेळा नफ्यासाठी घेत नाही. गावाकडची थोडी जमीन विकून मुलांच्या शाळेसाठी शहरात आलेले कुटुंब असते, नाहीतर प्रॉव्हिडंट फंड नुकताच हातात पडलेला कामगार असतो. घातलेली पुंजी बहुतेकदा एकुलती एक असते. तीच बुडाली की माणूस सैरभैर होतो आणि उरलेसुरले पैसेही चुकीच्या दारात घालवून बसतो. हा लेख त्या उरलेल्या पैशांसाठी आहे.

फसवणूक झाल्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, पण तुमची रक्कम वसूल करून देणे हे त्यांचे काम नाही. महसूल खाते सात-बारा आणि फेरफाराच्या नोंदी ठेवते, मालकी कोणाची हे ठरवत नाही. मालकीचा आणि पैशांचा निर्णय दिवाणी न्यायालय, महारेरा किंवा ग्राहक आयोग देतो. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी घरात बसून एकच गोष्ट ठरवा: तुम्हाला जागा हवी आहे की पैसे? जागा हवी असेल तर खरेदीखताचा आग्रह आणि मनाई हुकूम हा रस्ता. पैसे हवे असतील तर व्यवहार मोडल्याचे सांगून व्याजासह परतावा. एकीकडे ‘खरेदीखत करून द्या’ आणि दुसरीकडे ‘व्यवहार रद्द, पैसे द्या’ असे दोन अर्ज पडले की समोरचा वकील तेवढ्यावरच वर्षभर खेळतो.

पहिला आठवडा: खर्च शेकड्यांत

टोकनची रक्कम नुकतीच यूपीआयने किंवा नेट बँकिंगने गेली असेल तर आधी १९३० हा क्रमांक लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. काही खर्च नाही. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच उपयोग, म्हणून इथे तास मोजायचे असतात. चेक दिला असेल आणि वटला नसेल तर बँकेला लेखी कळवून पेमेंट थांबवा.

मग कागद. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आठ-अ आणि फेरफाराचा उताराही तेवढ्यातच. जागा नगर भूमापनात आली असेल तर सात-बाराऐवजी मिळकत पत्रिका काढावी लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन मोफत पाहता येते, आणि तोच प्लॉट तुमच्या आधी किंवा नंतर आणखी कोणाला विकला आहे का ते तिथे उघड होते. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर सरकारी फी वर्षाला २५ रुपयांप्रमाणे ७५० होते. वकिलाच्या शोध अहवालाचे मानधन वेगळे.

केडगाव महापालिकेच्या हद्दीत आहे, पण शेजारची नेप्ती आणि अरणगाव ही वेगळी गावे आहेत. ‘केडगावला लागून’ असे सांगून हद्दीबाहेरची शेतजमीन विकली जाते तेव्हा परवानगी देणारे कार्यालयच बदलते. म्हणून मंजूर रेखांकनाची आणि अकृषिक परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. हद्दीतील जागेसाठी अर्ज महापालिकेच्या नगररचना विभागाकडे, बाहेरच्या जागेसाठी नगररचनेच्या जिल्हा कार्यालयाकडे. अर्जाची फी १० रुपये, प्रती पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘अशी कोणतीही मंजुरी या कार्यालयाने दिलेली नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले तरी ते पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येते. ते सरकारी कागदावर असते आणि समोरच्याला खोडता येत नाही.

जागा हवी असेल तर आणखी एक काम याच आठवड्यात करा. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर तुमच्या सर्व्हे नंबरचा फेरफार सुरू आहे का ते पाहा. दुसऱ्याच्या नावाने नोंद धरली असेल तर नोटिशीच्या १५ दिवसांत तलाठी कार्यालयात (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकाऱ्यांना दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. मुदत गेली, नोंद मंजूर झाली, तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. अपिलाचा खर्च वकिलासह काही हजारांत जातो. हरकतीचा खर्च झेरॉक्सचा.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागले तर टायपिंगच्या दुकानात ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यायला सांगतील. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो.

मोबाइलमधले संदेश, कॉल रेकॉर्डिंग, प्लॉटचा नकाशा पाठवलेला फोटो, काहीही पुसू नका. फोन बदलू किंवा विकूही नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते.

पोलीस: फी नाही, पण तक्रार लिहिता आली पाहिजे

केडगावकरांचे पोलीस ठाणे कोतवाली. रक्कम मोठी असेल किंवा फसलेले अनेक असतील तर पोलीस अधीक्षक कार्यालयातील आर्थिक गुन्हे शाखा. गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४) फसवणुकीला लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बनावट दस्तासाठी कलम ३३६ आणि ३३८, तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४०, तोतया मालक उभा केला असेल तर ३१९. त्याआधीच्या व्यवहाराला जुने भारतीय दंड विधान, म्हणजे सर्वांना तोंडपाठ असलेले ४२०.

ठाण्यात बहुतेकांना पहिले उत्तर मिळते: ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.’ कधी ते खरेही असते. पैसे घेतले, काम रखडले, एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच देण्याचा इरादा नव्हता, किंवा खोटे सांगून पैसे काढले, हे दिसावे लागते. म्हणून तक्रारीत ‘माझी फसवणूक झाली, न्याय मिळावा’ असे मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कुठे, कोण, काय म्हणाले ते लिहा. ते खोटे असल्याचे कोणत्या कागदावरून कळते आणि त्यावर विसंबून तुम्ही किती रक्कम कोणत्या खात्यात भरली तेही लिहा. ‘अमुक तारखेला हा प्लॉट मंजूर रेखांकनातला असल्याचे सांगून नकाशा दाखवला; माहिती अधिकारातील उत्तरानुसार असे रेखांकन मंजूरच नाही’ हे एक वाक्य चार पानांच्या गाऱ्हाण्यापेक्षा जड असते. म्हणूनच ती १० रुपयांची माहिती आधी मागवायची. मात्र उत्तरासाठी तक्रार अडवून धरू नका. ते नंतर जोडता येते.

तक्रारीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथेही हालचाल झाली नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. गुन्हा दाखल झाला की प्रथम खबरीची प्रत मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

याच नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०७ आहे, त्याचा उल्लेख तपास अधिकाऱ्यांकडे लेखी करा. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालयाच्या आदेशाने जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची तरतूद त्यात आहे. ती आपोआप होत नाही. आरोपीच्या नावावरची जागा, गाडी, बँक खाती यांची यादी तुम्ही पुरवली तर तपासाला दिशा मिळते. परताव्याचे किंवा दामदुपटीचे आमिष दाखवून अनेकांकडून हप्ते गोळा केले असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावण्याची मागणी करा. हप्त्याने जमीन देण्याच्या नावाखाली पीएसीएलने देशभरातून सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले होते. सेबीने २०१४ मध्ये परताव्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लोढा समिती नेमली, आणि ज्यांनी पावत्या जपून ठेवल्या त्यांनाच दावा मांडता आला.

आरोपी अटकपूर्व जामिनाला गेला की थोडे पैसे द्यायची भाषा सुरू होते. त्या वेळी वकिलामार्फत तुमचे म्हणणे मांडा, पण जामिनाचा अर्ज हे वसुलीचे साधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावलेले आहे, हेही लक्षात असू द्या. ‘साहेबांशी बोलून घेतो, एवढे द्या’ म्हणणारा मध्यस्थ भेटलाच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

पैसे परत हवेत: ४०० रुपये की ५,००० रुपये?

समजा तुम्ही १२ लाख रुपये भरले आहेत आणि विकणाऱ्याने रस्ते, वीज, पाणी देऊन प्लॉट पाडून देण्याचे कबूल केले होते. असा विकसित प्लॉट ही सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या नार्ने कन्स्ट्रक्शन प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. कोणतीही सोय कबूल न करता मोकळी जागा नुसती विकली असेल तर ग्राहक आयोग बहुधा दार लावून घेईल.

इथली फी ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. त्यापुढे, २ कोटींपर्यंतची प्रकरणे राज्य आयोगाकडे जातात. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकण्यात ती निघून जाते. मदतीसाठी १९१५.

महारेराची तक्रार फी ५,००० रुपये. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प नोंदणीतून सुटतो. त्यापेक्षा मोठा प्रकल्प, प्लॉटिंगचासुद्धा, जाहिरातीआधी नोंदवावा लागतो. नोंदणीकृत करार न करता किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेणे बेकायदा आहे, आणि वेळेवर ताबा दिला नाही तर कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो. विकासकाला परताव्याच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर ती रक्कम आधी जमा करावी लागते. हा ग्राहकाच्या बाजूचा मोठा फायदा. अडचण पुढे आहे: पैसे दिले नाहीत तर महारेरा जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली वॉरंट पाठवते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. विकासकाच्या नावावर नेमके काय आहे ते शोधून तहसील कार्यालयात सर्व्हे नंबरासह दिले तरच फाइल हलते.

महारेराचा क्रमांक आहे म्हणजे सगळे ठीक, असे मानू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या विकासकांनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळवली. हा प्रकार वास्तुविशारद संदीप पाटील यांनी उघडकीस आणला, २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या कुटुंबांनी कर्जे काढली होती, मुद्रांक भरला होता, दस्त नोंदवले होते. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित जागेवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बाहेर पडली. तिथले दुःख पाहिल्यावर एवढेच म्हणावेसे वाटते की परवानगीची खातरजमा विकणाऱ्याच्या फाइलवरून करू नये, ती देणाऱ्या कार्यालयातूनच करावी.

न्यायालय: इथे खर्च लाखांत जाऊ शकतो

दस्त नोंदला म्हणजे सरकारने मालकी तपासली, हा आपल्याकडचा खोलवर रुजलेला समज आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे की नाही याचा निवाडा तो करत नाही. एकदा नोंदलेले खरेदीखत तो रद्दही करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयच. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ताब्यातून बळजबरीने काढले असेल तर सहा महिन्यांच्या आत वेगळा, जलद दावा लावता येतो.

न्यायालयीन शुल्क मालमत्तेच्या किमतीवर ठरते; महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. खरेदीखत शून्यवत ठरवून मागण्याच्या दाव्याला एरवीच्या मूल्याधारित शुल्काच्या निम्मे शुल्क लागते. दावा कसा मांडला यावर हा आकडा बदलतो, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: शुल्क किती, तुमचे मानधन किती आणि ते कोणत्या टप्प्याला? तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज दाव्यासोबतच द्या, नाहीतर निकाल लागेपर्यंत प्लॉट चौथ्या हातात गेलेला असतो.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि न्यायालयीन शुल्काचा भारही उचलला जातो. कमी उत्पन्नाच्या इतरांनाही ही मदत आहे. कार्यालय जिल्हा न्यायालयात, क्रमांक १५१००. प्लॉट घरातल्या बाईच्या नावावर असेल तर हा हक्क तिचा आहे. तो मागायला तिला सोबत घेऊन जा. दावा लोकन्यायालयात मिटला तर भरलेले शुल्क परत मिळते.

शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या ‘खरेदी’ने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे सांगितले आहे. पण असा कागद फाडून टाकू नका. पैसे दिल्याचा आणि काय कबूल केले होते त्याचा तो पुरावा आहे. तुकडेबंदीत अडकलेल्या गुंठ्यांबाबत हल्ली ‘आता सगळे नियमित होणार’ असे सांगून तक्रारदारांना गप्प बसवले जाते. शासनाने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली आहे हे खरे. पण त्याने तुकड्याचा दोष जातो. विकणाऱ्याला मालकीच नव्हती, किंवा एका प्लॉटची दोनदा विक्री झाली, हा दोष कोणत्याही नियमितीकरणाने जात नाही.

रोख दिलेले पैसे आणि बँकेचा हप्ता

बरेच जण तक्रारच करत नाहीत, कारण अर्धी रक्कम रोखीत दिलेली असते आणि आयकराची भीती वाटते. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास मनाई आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो. तुम्हाला मात्र ती रक्कम कुठून आली हे दाखवावे लागेल. दोन लाखांपुढच्या रोखीचा दावा न्यायालयात आला तर आयकर खात्याला कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ चा आदेश आहे. तेव्हा आधी सनदी लेखापालाला भेटा, पीक विक्रीच्या पावत्या, दागिने मोडल्याची बिले, नातेवाइकांनी दिलेल्या रकमांचे उतारे जमवा आणि खरा आकडा लिहा. रक्कम लपवून केलेली तक्रार उलटतपासणीत ढासळते.

कर्ज असेल तर हप्ता रागाने बंद करू नका. तुमची पत बिघडते आणि बँक तुमच्याच मागे लागते. बँकेला गुन्ह्याच्या प्रतीसह लेखी कळवा. त्यांच्या वकिलाचा शोध अहवालही मागा.

समोरच्याने तडजोड म्हणून परतीचे चेक दिले तर तारखा वहीत लिहून ठेवा. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकावा लागतो. न वटल्याचा बँकेचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर एका महिन्यात कलम १३८ ची तक्रार न्यायालयात दाखल व्हायला हवी. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. ‘हा घ्या नवीन चेक’ म्हणत तारखा ढकलण्यातच या मुदती मारल्या जातात.

तडजोडीचा कागद करताना मूळ साठेखत आणि पावत्या हातातून सोडू नका, नुसत्या प्रती द्या. मूळ करार नोंदणीकृत असेल तर तो मोडणारा रद्दलेखही नोंदणीकृतच करा. ‘माझी काही तक्रार नाही’ या ओळीखाली सही शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच करायची. अर्धे पैसे आणि उरलेल्याचे तोंडी आश्वासन यावर नाही.